नंदीचं चाक पोटात का शिरतं? टर्टलने रंगीत आकार काढताना

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना तान्ह्या पोळ्यानिमित्त संगणकावर लाकडी नंदी काढायला दिलाय. शाळेत नेट नाही, म्हणून पायथन या संगणकभाषेसोबतच येणारी टर्टल ही चित्रं काढायची लायब्ररी, म्हणजे तयार कमांडचा संच, तुम्ही निवडला. चौकोन जमले. पण गोल सांगितलेल्या जागी येत नाहीत. एकाच नंदीचं मागचं चाक पोटात शिरतं आणि पुढचं पायाच्या पलीकडे जाऊन बसतं. पाय रंगवले की पायांमधली जागाही रंगून जाते. शिंगांचा त्रिकोण काही केल्या त्रिकोण होत नाही. झूल काढल्याचं कोडमध्ये दिसतं, पडद्यावर दिसत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं बाजूला ठेवून सरळ पायगेम ही खेळ बनवायची पायथनची लायब्ररी शिकवायला घ्यावी का.

पायगेम आत्ता घेऊ नका. तुमच्या मुलांना जे अडतंय ते टर्टलमुळे अडत नाहीये. तेच पायगेममध्येही अडेल, फक्त तिथे ते दिसायला अवघड जाईल. टर्टलमध्ये रेघ ओढणारी खूण, म्हणजे कासव, डोळ्यांसमोर चालत असतं, त्यामुळे चूक कुठल्या पावलाला झाली ते मुलाला दाखवता येतं. पायगेममध्ये चित्र एकदम समोर येतं आणि मूल नुसतं म्हणतं, ‘सर, बिघडलं.’

पुढे कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच आणि लहान लिपीत टाकायची. जिथे अंडरस्कोअर दिसेल तिथे अंडरस्कोअर, जिथे नाही तिथे शब्द सलग. कोडमधले आकडेही इंग्रजीच हवेत, मराठी आकडे टाकले तर पायथन ती ओळ घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. कोणतीही ग्राफिक्स लायब्ररी आकार काढताना तो कुठल्या तरी एका बिंदूला धरून काढते. गोल मध्याला धरलेला असेल, नाहीतर काठाला. चौकोन कोपऱ्याला धरलेला असेल, नाहीतर मध्याला. आपण ‘गोल इथे काढ’ म्हणतो तेव्हा त्या ‘इथे’चा अर्थ लायब्ररीगणिक बदलतो, आणि एकाच लायब्ररीत कमांडगणिकही बदलतो. मुलांना नवीन आकार शिकवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा आकार कुठे धरलाय? याचं उत्तर हाताशी असलं की निम्म्याहून जास्त तक्रारी संपतात. तुमच्या नंदीची दोन्ही चाकं याच एका प्रश्नात अडकली आहेत.

टर्टलची सर्कल ही कमांड गोल मध्याला धरत नाही. कासव ज्या बिंदूवर उभं आहे तो बिंदू गोलाच्या काठावर येतो आणि गोलाचं केंद्र कासवाच्या डाव्या हाताला, त्रिज्येइतक्या अंतरावर असतं. डाव्या हाताला, म्हणजे कासवाचं तोंड कुठे आहे त्यावर केंद्र ठरतं. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, इतकं महत्त्वाचं आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलाचंच चित्र घेऊ. समजा मागच्या चाकाचं केंद्र उणे ८०, उणे १०० या बिंदूवर हवंय आणि त्रिज्या ४० आहे. मुलाने कासव नेमकं त्या बिंदूवर नेलं आणि सर्कल(४०) म्हटलं. कासवाचं तोंड पूर्वेला, म्हणजे उजवीकडे होतं. पूर्वेकडे तोंड केल्यावर डावा हात उत्तरेला, म्हणजे वर. केंद्र ४० एकक वर गेलं, उणे ८०, उणे ६० ला. चाकाचा वरचा काठ उणे २० पर्यंत पोचला आणि पोटात शिरला. मग त्याने पुढचा पाय वरून खाली काढला. पाय काढून झाल्यावर कासवाचं तोंड दक्षिणेला राहिलं. आता ८०, उणे १०० या बिंदूवर जाऊन तेच सर्कल(४०) म्हटलं. दक्षिणेकडे तोंड असताना डावा हात पूर्वेला येतो. केंद्र ४० एकक उजवीकडे सरकलं, १२०, उणे १०० ला. कमांड तीच, त्रिज्या तीच, आणि दोन चाकं दोन दिशांना गेली. मुलाला वाटणार संगणक मनमानी करतोय. त्याने अगदी सांगितलं तसंच केलंय.

उपाय दोन ओळींचा आहे. कासवाला केंद्रावर न नेता केंद्राच्या बरोबर खाली, त्रिज्येइतकं खाली न्यायचं. आणि गोल काढण्याआधी प्रत्येक वेळी तोंड पूर्वेला करायचं, सेटहेडिंग(०) देऊन. आपल्या मागच्या चाकासाठी कासव उणे ८०, उणे १४० वर उभं राहील, पूर्वेकडे पाहील, आणि केंद्र ४० एकक वर, म्हणजे हवं तिथेच येईल. हे दर वेळी लक्षात ठेवायला लावू नका. त्याचं एक फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या कमांड, करून द्या:

डेफ चाक(एक्स, वाय, त्रिज्या, रंग):
    पेनअप()
    गोटू(एक्स, वाय - त्रिज्या)
    सेटहेडिंग(०)
    पेनडाउन()
    फिलकलर(रंग)
    बिगिन_फिल()
    सर्कल(त्रिज्या)
    एंड_फिल()

यानंतर मूल फक्त चाक(-८०, -१००, ४०, "ब्राउन") म्हणेल आणि चाक मध्याला धरलेलं असेल. आकार कुठे धरायचा हे आता तुम्ही ठरवलंत, लायब्ररीने नाही. ग्राफिक्स शिकवण्यातला सगळ्यात मोठा टप्पा मला हाच वाटतो.

इथे एक आनंदाची गोष्ट. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. चाक, शिंग, झूल, त्रिज्या, रंग अशी नावं खरोखर मराठीत टाइप करा, प्रोग्राम चालतो. डेफ, फॉर, इफ हे भाषेचे स्वतःचे शब्द आणि लायब्ररीच्या कमांड तेवढ्या इंग्रजीत राहतात. ज्या मुलाला इंग्रजी वाचताना अडखळायला होतं, त्याला स्वतःचं शिंग नावाचं फंक्शन चालताना पाहिलं की जो हुरूप येतो तो मी पुष्कळदा पाहिलाय. फक्त टायपिंग युनिकोडमध्ये हवं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात.

गोलाला पर्याय म्हणून डॉट आहे. डॉट मध्याला धरलेला असतो, तोंड कुठेही असो. म्हणून नंदीचा डोळा डॉटनेच काढा. एक फरक मात्र सांगून ठेवा: सर्कलला त्रिज्या द्यायची असते, डॉटला व्यास. सर्कल(१०) आणि डॉट(२०) सारख्याच मापाचे. मुलं दोन्हीकडे एकच आकडा देतात आणि डोळा निम्म्या मापाचा का आला म्हणून विचारत बसतात.

नंदीचं अंग लंबगोल असतं आणि टर्टलमध्ये लंबगोलाची सरळ कमांड नाही. त्यासाठी ठसा वापरा. शेप("सर्कल") म्हटलं की कासवच गोल होतं, २० एकक व्यासाचं. मग शेपसाइझ(५, १०) दिलं की ते ताणलं जातं. पहिला आकडा आडव्या छेदाचा, दुसरा तोंडाच्या दिशेचा, म्हणजे पूर्वेकडे तोंड असताना १०० उंच आणि २०० लांब. त्यानंतर स्टॅम्प() म्हटलं की तो आकार तिथे उमटतो. हाही मध्याला धरलेला. पेनअप करूनच हे करा. आणि ठसा उमटला की शेप आणि शेपसाइझ पुन्हा नेहमीचे करायला सांगा, नाहीतर पुढच्या सगळ्या रेघा काढताना तेवढं मोठं लंबगोल कासवच चित्रभर फिरत राहतं आणि पोट्टे घाबरतात. ठशाचा हा गोल मुळात २० कोपऱ्यांचा असतो, त्यामुळे खूप ताणला की कडेला हलके कोपरे जाणवतात. नंदीच्या अंगाला चालून जातं.

आता रंगलेल्या पायांकडे येतो, कारण हा भाग पुस्तकात सहसा नसतो. तुमच्या वर्गातल्या मुलीने रंग भरणं सुरू करणारं बिगिन_फिल एकदाच दिलं, चारही पाय काढले, मध्ये मध्ये पेनअप करून पुढच्या पायाकडे गेली आणि शेवटी एकदाच रंग भरून संपवणारं एंड_फिल दिलं. तिचा तर्क बरोबर आहे. पेन उचललाय, रेघ उमटली नाही, म्हणजे तो प्रवास आकारात धरला जाऊ नये. टर्टल तसं करत नाही. बिगिन_फिल झाल्यापासून एंड_फिल होईपर्यंत कासव ज्या ज्या बिंदूवर जाऊन थांबतं ते सगळे बिंदू नोंदले जातात, पेन वर असो की खाली. मग ते सगळे बिंदू ओळीने जोडून जी एक आकृती होते तिच्यात रंग भरतो. चार पायांची ती एकच वेडीवाकडी आकृती झाली आणि पायांमध्ये रंगाच्या तिरप्या पट्ट्या आल्या. प्रत्येक पायाला स्वतःचं बिगिन_फिल आणि स्वतःचं एंड_फिल द्यायचं. पाय नावाचं फंक्शन करून चार वेळा बोलावलं की हे आपोआप होतं. कासवाला आकाराच्या सुरुवातीच्या बिंदूवर नेणं हे बिगिन_फिलच्या आधी उरकलेलं असावं, वरच्या चाकाच्या फंक्शनमध्ये गोटू आधी ठेवलंय ते यासाठीच.

एंड_फिल विसरलं तर रंग भरतच नाही आणि कसलीही सूचना येत नाही. प्रोग्राम मुकाट चालतो. त्यामुळे ‘रंगच येत नाही’ अशी तक्रार आली की आधी ती ओळ शोधा. दुसरी शक्यता अशी की रंग कासवाला सांगितलाय, पण पुढे दुसरा रंग सांगून टाकलाय. रंग आकाराला चिकटलेला नसतो, तो त्या क्षणी कासवाकडे काय आहे त्यावर ठरतो. पेनकलर रेघेचा, फिलकलर भरण्याचा, आणि कलर दोन्हींचा. कलरला दोन रंग दिले तर पहिला रेघेला, दुसरा भरायला.

शिंगांचा त्रिकोण. मुलांना समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश असतो हे पाठ असतं, म्हणून ती प्रत्येक टोकाला ६० अंश वळतात. तीन बाजू काढून झाल्या तरी आकृती उघडी राहते, आणि एंड_फिलने ती बंद झाली की अर्धा षटकोन रंगून निघतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली ती बोथट शिंगं म्हणजे हाच अर्धा षटकोन आहे. कासव आतल्या कोनातून वळत नाही, बाह्यकोनातून वळतं. १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश.

हे फळ्यावर समजावण्यापेक्षा पटांगणात नेऊन समजवा. टर्टलची कल्पना १९६७ सालच्या लोगो या संगणकभाषेच्या परंपरेतली आहे. ती भाषा सिमोर पेपर्ट, वॉली फुर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत मुलांसाठी घडवली, आणि तिचं पहिलं कासव पडद्यावर नव्हतं, जमिनीवर फिरून पेनाने कागदावर रेघा ओढणारं खरं यंत्र होतं. मुलाने आपलं शरीर कासवाच्या जागी ठेवून विचार करावा हा पेपर्ट यांचा आग्रह. तेव्हा शाळेच्या पटांगणात चुन्याने त्रिकोण आखा आणि एका मुलीला त्यावरून चालवा. टोकाला पोचल्यावर तिला किती वळावं लागतं ते बाकीच्यांनी पाहायचं. ती सरळ पुढे जाणारी दिशा सोडून जवळजवळ मागेच वळते. ६० अंशांत ते होत नाही हे कुणी सांगावं लागत नाही. आणि निघाली त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून थांबली म्हणजे एकूण एक पूर्ण गिरकी झाली, ३६० अंश. तीन वळणं तर प्रत्येकी १२०, चार तर ९०, पाच तर ७२, सहा तर ६०. यापुढे बाजू आणि कोन सारखे असलेला कोणताही बहुकोन मुलं स्वतः काढतात. या एका तासाची भूमिती वर्षभर पुरते.

हौशी मुलांसाठी कानाची युक्ती देतो. सर्कलला दुसरा आकडा दिला की तेवढ्याच अंशांचा कंस निघतो. सर्कल(४०, ९०), मग लेफ्ट(९०), मग पुन्हा सर्कल(४०, ९०). दोन कंस मिळून पानाचा आकार होतो, कासव निघालं तिथेच परत येतं. बिगिन_फिल आणि एंड_फिलमध्ये घातलं की नंदीचा कान तयार. सुरुवातीला सेटहेडिंगने दिशा बदलली की तोच कान हवा तिकडे झुकतो. बेगड लावलेली वाकडी शिंगं हवी असतील तर तीही अशाच कंसांतून साधतात, पण ती दुसऱ्या आठवड्यात घ्या.

झुलीवर चांदणी काढायची टूम कुणीतरी काढेलच. १४४ अंश वळून पाच रेघांत चांदणी होते, पण त्या रेघा एकमेकींना छेदतात. अशा आकृतीत मधला पंचकोन भरायचा की मोकळा सोडायचा हे त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चित्रण-पद्धतीवर अवलंबून असतं. तुमच्या लॅपटॉपवर पूर्ण पिवळी दिसलेली चांदणी शाळेच्या संगणकावर मध्ये पांढरी दिसू शकते. त्यापेक्षा बाहेरची कडाच काढायला लावा: फॉरवर्ड, राइट(१४४), फॉरवर्ड, लेफ्ट(७२), हे पाच वेळा. रेघ कुठेच छेदत नाही, त्यामुळे रंग सगळीकडे सारखा भरतो.

झूल न दिसण्याचं कारण सोपं आहे. जे आधी काढलं ते खाली, जे नंतर काढलं ते वर. मुलाने झूल आधी काढली आणि मग अंगाचा ठसा तिच्यावर उमटवला. आधी आभाळ आणि जमीन, मग पलीकडचे दोन पाय, मग अंग आणि वशिंड, अलीकडचे पाय, मान, डोकं, शिंगं, झूल, गोंडे, सगळ्यात शेवटी नंदी जिच्यावर उभा असतो ती पाटी आणि चाकं. हा क्रम मुलांकडूनच काढून घ्या, त्यांच्या घरी लाकडी नंदी असतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात केवढे मोठे नंदी येतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कोणता भाग कशाच्या पुढे आहे हे डोळे मिटून सांगता येतं.

या सगळ्याच्या आधी आलेख कागद. माझा यावर फार भर आहे आणि जिथे घाई करून हा टप्पा गाळला जातो तिथे मुलं आकडे अंदाजाने बदलत राहतात. निर्देशक भूमिती आपल्या पाठ्यक्रमात नववीला येते, म्हणजे तुमच्या मुलांना एक्स-वाय नवीन आहे. पण चौफुलीवर लावलेल्या कपाशीत कितव्या तासातलं, म्हणजे ओळीतलं, कितवं झाड हे त्यांना नेमकं सांगता येतं, एक्स आणि वाय तेच आहेत. फरक एवढाच की टर्टलमध्ये मोजणी वावराच्या कोपऱ्यातून सुरू होत नाही, मधोमध उभं राहून होते. उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे.

खिडकी सेटअप(८००, ६००) अशी ठरवून घ्या. म्हणजे एक्स उणे ४०० ते ४०० आणि वाय उणे ३०० ते ३००. आलेख कागदावर एक सेंटीमीटर म्हणजे ४० एकक धरलं तर सगळं चित्र २० बाय १५ सेंटीमीटरमध्ये बसतं. कडेची थोडी जागा खिडकीच्या चौकटीत जाते, म्हणून अगदी काठाशी काही ठेवू नका. मुलाने कागदावर नंदी काढायचा, प्रत्येक भाग गोल, लंबगोल, त्रिकोण किंवा चौकोन यातला कोणता ते लिहायचं, आणि त्या भागाचा धरण्याचा बिंदू लाल पेनाने ठळक करून त्याचे दोन आकडे शेजारी लिहायचे. लाल बिंदू झाल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही. संगणक कमी आणि मुलं जास्त अशा शाळेत याचा दुसराही फायदा आहे: एक गट टाइप करत असताना बाकीचे रिकामे बसत नाहीत, आणि वीज गेली तरी तास थांबत नाही.

रंगांबद्दल थोडं. रेड, ब्लू, ऑरेंज, ब्राउन अशी नावं चालतात, सुरुवातीला तीच ठेवा. पुढे मुलांना आकड्यांत रंग कालवू द्या: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. ऑरेंज हे नाव म्हणजे २५५, १६५, ०. नागपुरी संत्र्याचा रंग याहून थोडा तांबूस हवा असेल तर मधला आकडा कमी करत जायचा, हा खेळ मुलं सोडत नाहीत. मात्र टर्टल मुळात हे आकडे ० ते १ च्या दरम्यान मागते. २५५ पर्यंतचे द्यायचे तर सुरुवातीला कलरमोड(२५५) लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ‘बॅड कलर सिक्वेन्स’ असा संदेश येतो, तो आला की समजून जायचं. ‘ग्रीन’ या नावाची एक गंमत आहे: टर्टल ज्या टीके लायब्ररीवर उभी आहे तिच्या ८.६ आवृत्तीत या नावाचा अर्थ बदलला. जुन्या आवृत्तीत तो भडक पोपटी हिरवा होता, नव्यात गडद. शाळेतल्या दोन संगणकांवर हिरवा वेगवेगळा दिसला तर पडद्याला दोष देऊ नका. हिरवा नेहमी आकड्यांत सांगा.

काही बारीक अडचणी तुम्हाला येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मुलांना फाइलला टर्टल हेच नाव द्यावंसं वाटतं. तसं दिलं की पायथन लायब्ररीऐवजी त्यांचीच फाइल उघडतो आणि फॉरवर्ड सापडत नाही म्हणून तक्रार करतो. फाइलला नंदी नाव द्या. चित्र पूर्ण होताच खिडकी बंद होत असेल तर शेवटच्या ओळीत डन() नाही. संगणकावर उबंटू असेल तर टीके वेगळं टाकावं लागतं, पायथन-थ्री-टीके या नावाने ते मिळतं. नेट असलेल्या ठिकाणी ते आधीच उरकून ठेवा.

जुन्या संगणकावर कासव फार हळू चालतं म्हणून कुणीतरी तुम्हाला ट्रेसर(०) आणि शेवटी अपडेट() शिकवेल. त्याने चित्र एका झटक्यात उमटतं. पण मुलांना ते इतक्यात देऊ नका. चित्र बिघडलं की मी उलट स्पीड(१) करायला सांगतो, कासव सगळ्यात हळू चालतं आणि मूल स्वतःच ओरडतं, ‘हे पाहा सर, इथं उलटं वळलं!’ ते ओरडणं ऐकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. सगळ्यांचे नंदी पूर्ण झाले आणि पोळ्याच्या दिवशी गावकऱ्यांना दाखवायचे झाले, की मग खुशाल ट्रेसर लावा.

पायगेमकडे कधी जायचं? नंदी चालवायचा असेल तेव्हा. चाकं फिरवत डावीकडून उजवीकडे जाणारा नंदी, किंवा तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणारा बोजारा गोळा करण्याचा छोटा खेळ, असं काही मुलं मागायला लागली की टर्टल अपुरी पडते आणि पायगेम शोभतं. त्यात रेक्ट, सर्कल, एलिप्स, पॉलिगॉन अशा तयार कमांड आहेत, रंग आपोआप भरतो, नुसती कडा हवी असेल तरच रेघेची जाडी वेगळी द्यायची. ते पायथनसोबत येत नाही. नेट असलेल्या संगणकावर पिप या पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाला पिप डाउनलोड पायगेम असं म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि शाळेत नो-इंडेक्स व फाइंड-लिंक्स हे पर्याय लावून तिथूनच बसवा. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि विंडोजचे बिट (३२ की ६४) एकच असले पाहिजेत, नाहीतर फेरी वाया जाते.

पायगेममध्ये खिडकी उघडी ठेवायला आणि बंद करण्याचं बटण चालायला एक सतत फिरणारा लूप लिहावा लागतो. तो नसला तर खिडकी गोठल्यासारखी होते. आकार काढून झाले की डिस्प्ले फ्लिप केल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. हा सांगाडा तुम्ही लिहून द्या, मुलांनी आतले आकार भरायचे.

तिथेही पहिला प्रश्न तोच. पायगेमचा सर्कल मध्याला धरलेला आहे. रेक्ट आणि एलिप्स डाव्या वरच्या कोपऱ्याला धरलेले, पुढे रुंदी आणि उंची. लंबगोलसुद्धा कोपऱ्याला, म्हणजे ज्या अदृश्य चौकटीत तो बसतो तिच्या कोपऱ्याला. टीकेचा कॅनव्हास तर गोलही असाच चौकटीचे दोन समोरासमोरचे कोपरे मागून काढतो. शिवाय पायगेममध्ये मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून होते आणि वाय खाली वाढतो. आलेख कागदावरचे जुने आकडे त्यासाठी फेकू नका. ८०० बाय ६०० च्या खिडकीत एक्समध्ये ४०० मिळवा आणि ३०० मधून वाय वजा करा. मागच्या चाकाचा लाल बिंदू उणे ८०, उणे १०० होता, तो ३२०, ४०० झाला. हे दोन आकडे सर्कलला जसेच्या तसे द्यायचे. वायमधून त्रिज्या वजा करणारी आपली जुनी ओळ तिथे लागत नाही, ती काढून टाका, नाहीतर या खेपेला चाक पाटी सोडून पुन्हा पोटाकडे सरकेल.